मधलेकाकांनी गिळलेलं वाक्य

जुनं राज्य गेलं त्या आठवड्यात कोर्टाच्या मोठ्या दालनातली राजाची तसबीर उतरवली आणि तिच्या जागी नवी, जरा लहान तसबीर टांगली. जुन्या चौकटीचा फिका चौकोन चारी बाजूंनी बाहेर डोकावत राहिला. बांधकाम खात्याने भिंतीला रंग देऊ असं सांगितलं, आणि खातं अनुभवी असल्यामुळे ते सांगण्यावरच राहिलं. बाकी काहीच हललं नाही. उंच खुर्ची तीच, आरोपीचा कठडा तोच, घामट हातांनी गुळगुळीत झालेली त्याची दांडी तीच. खुर्ची आणि कठडा यांच्या बरोबर मधे, हात पाठीशी बांधून उभे राहणारे दुभाषीही तेच. सगळं शहर त्यांना मधलेकाका म्हणे.

मधलेकाकांच्या कामाची एक चाल होती. कठड्यातला माणूस आपल्या भाषेत एक वाक्य बोले आणि थांबे. काका ते इंग्रजीत सांगत. गोरा साहेब लिहून घेई. साहेबाची लेखणी थांबली की पुढचं वाक्य. बाप-लेकांच्या पिढ्या या चालीने बोलत आल्या होत्या, त्यामुळे ज्याला कोर्टाची सवय लागली तो घरीसुद्धा तसाच बोले. लाकडाच्या वखारीचे मालक जागेच्या दाव्यात इतकी वर्षं अडकले होते, की जेवताना "आज मीठ कमी आहे," एवढं म्हणून गप्प बसत. मग त्यांच्या सौभाग्यवती म्हणत, "लिहून घेतलं. पुढे बोला."

काकांची जीभ म्हणजे नुसती नळी नव्हे, हे साहेब सोडून सर्वांना ठाऊक होतं. रागाच्या भरात कोणी खुर्चीच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, तर काका शांतपणे सांगत की आरोपी माननीय न्यायालयाकडे दयेची याचना करतो आहे. दोन्ही बाजूंचे वकील तेव्हा आपापल्या कागदांत डोकं घालत. खटल्याच्या आधी घरच्यांनी काकांकडे जाऊन "जरा सांभाळून घ्या" म्हणायचं, अशी रीतच पडली होती. काका त्याबद्दल कोणाचा चहासुद्धा घेत नसत; ही त्यांची जमेची बाजू. दुसऱ्या बाजूला हेही मांडायला हवं, की कोणाला सांभाळायचं आणि किती, हे ते एकटेच ठरवत. आणि रस्त्याने जाताना लोक उठून उभे राहिले, तर त्यांना ते मनापासून आवडे.

नवे न्यायाधीश आपल्यातलेच. पहिल्याच दिवशी ते साक्षीदाराला म्हणाले की मला तुमचं कळतं, बोला पुढे. साक्षीदार बोलेना. तो काकांकडे बघत राहिला. न्यायाधीशांनी पुन्हा सांगितलं. तरी नाही. शेवटी काका हलकेच खाकरले, तेव्हा गाडी पुढे सरकली. मग प्रत्येक वाक्यानंतर एक खाकरणं असं ठरून गेलं. काकांना तूर्तास कामावर ठेवावं असा शेरा निघाला, आणि सरकारी लिखाणात 'तूर्तास' इतका चिवट शब्द दुसरा नाही. शिवाय राजधानीत सगळे कायदे आपल्या भाषेत आणण्याचं काम सुरू होणार होतं. त्या कचेरीसाठी काकांचं नाव गेलेलं होतं. काकूंनी शेजारणींना ते सांगायचं नाही असं ठरवलं होतं, म्हणून शेजारणींना ते सर्वांच्या आधी कळलं.

कोर्टाच्या मागच्या गल्लीत इस्त्रीवाल्या ताईची खोली होती. वकिलांचे काळे कोट तिच्याकडे येत. कोणाचा खटला कुठवर आला, हे ती कोटाच्या कॉलरवरून सांगू शके. हरणाऱ्याची कॉलर आतून आधी झिजते, असं तिचं म्हणणं होतं. ती तोंडाने फटकळ होती आणि मागची काही वर्षं जास्तच झाली होती, कारण तिचा धाकटा भाऊ तुरुंगात होता.

भाऊ सुतार. नदीवरच्या पुलाच्या तोंडाशी जुन्या सरकारने नाका उभारला होता. पलीकडे कामाला जाणाऱ्या प्रत्येकाला तिथे पैसे मोजावे लागत. नाक्याचं दार यानेच बसवलेलं. एका संध्याकाळी, शिपाई जेवायला गेलेला असताना, याने तो नाका जाळला आणि पळून न जाता समोरच्या दगडावर बसून राहिला. तेव्हा बंदोबस्ताचा खास कायदा लागू होता. सरकारी मालमत्ता जाणूनबुजून जाळणाऱ्याला फाशी. नशेत हलगर्जीपणा करणाऱ्याला सक्तमजुरी.

ताई खटल्याआधी काकांच्या घरी गेली होती. रडली नाही. एवढंच म्हणाली की तो बोलणार, त्याला अडवणं माझ्या हातात नाही, तुमच्या हातात आहे.

आणि तो बोलला. एकेक वाक्य बोलून थांबला, कोर्टाच्या शिस्तीत. काका प्रत्येक वाक्यानंतर इंग्रजीत बोलले. साहेब मान हलवत लिहीत गेला. सुताराला वाटलं, आपलं बोलणं वर पोचतंय. शिक्षा ऐकून तो मान ताठ ठेवून बाहेर पडला. मागच्या बाकावर त्या वेळी एक तरुण वकील बसला होता. त्याला दोन्ही भाषा उत्तम येत होत्या. तोच आता उंच खुर्चीवर बसतो.

सुताराला खरी गोष्ट तुरुंगात कळली. पहिल्याच दिवशी अधिकाऱ्याने कागद वाचून दाखवला: आरोपी दारू प्यायला होता, दिवा कलंडला, त्याला पश्चात्ताप झाला आहे. तो म्हणाला, मी दारूला शिवत नाही. खोटं बोलल्याबद्दल त्याला अंधारकोठडी मिळाली. चळवळीतल्या कैद्यांची बराक निराळी होती; तो तिथे जाऊन म्हणाला, मी तुमच्यातला. त्यांनी कागद मागवला, वाचला आणि त्याला दाराबाहेर काढलं. पुढे सगळे त्याला दारुड्या म्हणू लागले. दरवर्षी वर्तणूक तपासायला अधिकारी येई. जो कागदातलं तोंडपाठ म्हणे त्याला काम हलकं मिळे, जो नाही म्हणे त्याला खाणीत धाडत. काही वर्षं सुतार नाही म्हणत राहिला. मग म्हणेनासा झाला.

राज्य बदललं तेव्हा चळवळीतल्या सगळ्या कैद्यांची सुटका झाली. फाटकाबाहेर गर्दी जमली, भाषणं झाली. ताई कोट तसेच टाकून फाटकापाशी गेली आणि फाटक बंद होईपर्यंत उभी राहिली. दारूच्या नशेत दिवा पाडणाऱ्याला कोणी कशाला सोडेल? कागदावर ज्यांचा गुन्हा साधा होता, त्यांनी फेरसुनावणी मागावी, असा नियम निघाला.

दुसऱ्या दिवशी काका कोट न्यायला गेले तेव्हा तिने कोट दिला नाही. इस्त्री निखाऱ्यांवर ठेवून ती म्हणाली, "काका, तुम्ही त्याची मान वाचवलीत, उपकार आहेत. आता त्याचे पाय सोडवा."

काकांनी बरंच काही सांगून पाहिलं. शपथेवर केलेलं भाषांतर खोटं होतं असं म्हणणारा दुभाषी स्वतःच आरोपी होतो, हे सांगितलं. नवं सरकार आहे, सबुरीने घ्यायला हवं, हेही सांगितलं. ताईने सगळं ऐकून घेतलं. मग तिने कोट त्यांच्या हातात दिला आणि म्हणाली की आतून कॉलर झिजलीय तुमची, बघून घ्या.

काका न्यायाधीशांच्या खोलीत गेले. तिथे जे बोलणं झालं ते पुढे शहरात बऱ्याच जणांनी बऱ्याच तऱ्हांनी सांगितलं. मुद्दा सगळ्यांचा एक होता. काकांनी शपथेवर खरं सांगायची तयारी दाखवली. न्यायाधीशांनी त्यांना बसायला खुर्ची दिली, जी यापूर्वी कधी दिली नव्हती, आणि समजावलं की असं काही करू नका. उद्या वखारीच्या जागेचा दावा हरलेला माणूस दारात उभा राहील आणि म्हणेल, माझंही वाक्य यांनी बदललं. परवा मृत्युपत्रं निघतील. या शहरातली निम्मी घरं काकांच्या जिभेवर उभी आहेत.

"राज्य आपल्याला कोरं मिळालेलं नाही, काका," ते म्हणाले. "खुर्च्यांसकट मिळालंय आणि निकालांसकट."

काका आयुष्यात कधी आपल्या मनाचं वाक्य त्या इमारतीत बोलले नव्हते. त्या दिवशी एक बोलले. "तुम्ही मागच्या बाकावर होतात, साहेब."

न्यायाधीशांनी नजर पंख्याकडे वळवली. "होतो," ते म्हणाले.

मग त्यांनीच वाट काढली. काकांनी शपथ घ्यायचीच नाही. सुताराला कठड्यात उभं करायचं. तेव्हा जे बोलला ते त्याने पुन्हा बोलावं, आता मधे कोणी लागत नाही, मी स्वतः ऐकेन आणि लिहीन. गुन्हा चळवळीतला ठरला की नियमाप्रमाणे त्याची सुटका होईल आणि जुन्या कागदांना कोणाचा हात लागणार नाही. हुशार माणूस. एकच गोष्ट त्यांच्या हिशेबात आली नाही: कठड्यात जो येणार होता तो पूर्वीचा सुतार राहिला नव्हता. सुनावणीआधी ताईला भेटीची परवानगी मिळाली नाही. सगळं बदललंय, खरं बोललास तर सुटशील, असं त्याला वॉर्डरने सांगितलं. तो वॉर्डर जुन्या राज्यातलाच होता, आणि किल्ल्यांचा जुडगाही तोच.

सुनावणीला गर्दी झाली. वखारमालक पुढच्या बाकावर, कारण त्यांना बसल्याजागी दुसऱ्याचा खटला बघायला मिळणार होता. ताई भिंतीशी उभी. सरकारी वकिलांच्या कोटाला तिची इस्त्री होती.

सुताराला आणलं. रुंद खांद्यांचा माणूस होता तो. आता सदरा खांद्यांवरून घसरत होता. कठड्यात आल्यावर त्याने दांडीवर हात ठेवला आणि जिथे दोन लाकडं एकत्र आली होती तिथे अंगठा फिरवला. सांधा सुटला होता. तेवढा एक क्षण त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी होतं. मग त्याने वर पाहिलं. तीच खुर्ची. तोच पंखा. मधे तेच काका. त्याचा चेहरा मिटला.

न्यायाधीशांनी त्याला मोकळेपणाने बोलायला सांगितलं.

"मी दारू प्यायलो होतो," सुतार म्हणाला आणि थांबला.

भिंतीशी ताईने तोंडावर पदर धरला. न्यायाधीशांची लेखणी उचललेलीच राहिली. हे लिहिलं की संपलं. जुना कागद आणि नवा कागद एक झाले की माणूस उरलेली शिक्षा भोगायला परत. सगळं दालन, सवयीने, काकांकडे बघू लागलं. न्यायाधीशही बघू लागले. काकांनी नुसतं खाकरायचं होतं.

काका खाकरले नाहीत. हात पाठीशी बांधलेले, नजर समोरच्या फिक्या चौकोनावर, आणि आवाज तोच, ना चढ ना उतार, ज्यात त्यांनी हजार माणसांची वाक्यं सांगितली होती. फक्त भाषा आपली.

"नाका मी जाळला."

सुताराने चमकून त्यांच्याकडे पाहिलं. पण पाठ केलेलं माणूस मधेच सोडू शकत नाही. "दिवा कलंडला," तो म्हणाला आणि थांबला.

"मी शुद्धीवर होतो," काका म्हणाले. "दार मीच बसवलेलं. कुठून पेट घेईल ते मला माहीत होतं."

"माझी चूक झाली."

"पूल आमच्या आज्या-पणज्यांनी दगड वाहून बांधला. त्यावरून जायला आम्ही पैसे का द्यायचे?"

सुताराचा आवाज आता जेमतेम ऐकू येत होता. "माफी असावी."

"पुन्हा बांधाल," काका म्हणाले, "तर पुन्हा जाळीन."

सरकारी वकील उठून उभे राहिले. त्यांचं म्हणणं बरोबरच होतं: हे भाषांतर नव्हे, आणि इथे भाषांतराची गरजही नाही. न्यायाधीशांनी त्यांना हाताने बसवलं. मग अगदी हळू म्हणाले, "दुभाषी, हा असं बोललेला नाही."

"बोललाय, साहेब," काका म्हणाले. "पोचायला उशीर झाला."

न्यायाधीशांनी सुताराकडे पाहून विचारलं की हे तुझं म्हणणं आहे का. सुतार सवयीने काकांकडे वळला. तेव्हा काकांनी अशी गोष्ट केली की जी त्या दालनात कोणी कधी पाहिली नव्हती. ते दोन पावलं बाजूला सरकले आणि भिंतीशी, ताईच्या शेजारी जाऊन उभे राहिले. खुर्ची आणि कठडा यांच्या मधे कोणी राहिलं नाही. फरशीवर त्यांच्या बुटांनी झिजवलेली जागा तेवढी दिसत होती.

सुतार त्या जागेकडे बघत राहिला. मग थेट वर, खुर्चीकडे पाहून म्हणाला, "हो. माझंच आहे."

न्यायाधीश लिहू लागले. शेवटच्या वाक्याशी लेखणी अडली. अडणारच. पुलाच्या तोंडाशी नाका पुन्हा उभा राहिला होता, नव्या सरकारचा, नव्या पाटीचा. पुलाच्या डागडुजीला पैसा लागतोच. न्यायाधीशांनी त्या वाक्यावर थोडा विचार केला. मग ते न लिहिताच त्यांनी खाली सही केली. सुताराची सुटका झाली. ते वाक्य या वेळी कोणी गिळलं, हे दालनातल्या प्रत्येकाने पाहिलं, आणि वकिलांनी आपापल्या कागदांत डोकं घातलं.

काकांचा हिशेब लवकर पुरा झाला. दुभाष्याचं पद रद्द करण्यात येत आहे असा हुकूम निघाला; 'तूर्तास' हा शब्द त्यात नव्हता. राजधानीच्या कचेरीची नावं आली, त्यांत काकांचं नव्हतं. काकूंनी शेजारणींना काही सांगितलं नव्हतं, तरी शेजारणी दोन दिवस समाचाराला येत राहिल्या. वखारमालक रस्ता बदलून जाऊ लागले. दावा जिंकलेल्यांना आता भीती होती आणि हरलेल्यांना आशा, आणि दोघांनाही काका नकोसे झाले होते. रस्त्यात त्यांना पाहून उठणारी माणसं बसल्या जागी काही शोधू लागत.

एका दुपारी ते ताईच्या खोलीत गेले. हातात कोट नव्हता. सुतार आतल्या बाजूला स्टुलावर बसून तिच्या टेबलाचा डगमगता पाय बसवत होता. काकांना पाहून त्याने हात थांबवला, पण बसायला सांगितलं नाही.

"मला वाचवायला तुम्हाला कोणी सांगितलं होतं?" त्याने विचारलं.

काकांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. त्याआधीच ताईने इस्त्री खाली ठेवली. "मी," ती म्हणाली.

सुतार तिच्याकडे पाहत राहिला. एवढ्या वर्षांत तिने त्याला हे सांगितलं नव्हतं. तिने मान खाली घातली नाही, आणि त्याने आवाज चढवला नाही. त्याने टेबलाचा पाय पुन्हा हातात घेतला, खाच तपासली आणि तो परत बसवला.

"कोर्टात मी हो म्हणालो," तो काकांना म्हणाला. "पण खरं सांगू? मला आता आठवत नाही. इतकी वर्षं दुसरंच म्हणत आलो, की तेव्हा काय बोललो ते पुसूनच गेलं. मी खरंच असं म्हणालो होतो?"

"म्हणालात," काका म्हणाले. तुरुंगात गेलेल्या त्या पोराला त्यांनी पहिल्यांदाच अहो-जाहो केलं. "मोठ्याने म्हणालात. मागच्या बाकापर्यंत ऐकू गेलं."

"पुन्हा सांगा."

काका उभ्या-उभ्याच सांगू लागले. एक वाक्य बोलले आणि थांबले. सुताराने ते हळू आवाजात म्हटलं. मग पुढचं. दार मीच बसवलेलं, इथे त्याचा आवाज जरा सुटला. पुलाचं वाक्य त्याने दोनदा म्हटलं, दुसऱ्यांदा न अडखळता. ताई पाठमोरी उभी राहून कोणाचा तरी कोट उगाच सपाट करत होती.

शेवटचं वाक्य सांगून काका थांबले. सुतार थांबला तो थांबलाच. खोलीच्या दारातून गल्ली दिसत होती, गल्लीच्या टोकाला रस्ता, आणि रस्त्यावर पुलाकडे निघालेली कामावरची माणसं, मुठीत सुटे पैसे धरून.

"परत बांधलाय म्हणे," तो म्हणाला.

"बांधलाय," ताई म्हणाली. "दार वाईट बसवलंय. घासतं."

त्याने होकार दिला नाही की नकार. काका वाट बघत होते, कारण वाक्य पुरं व्हायचं राहिलं होतं, आणि वाट बघणं एवढं एकच काम त्यांना नीट येत होतं. सुताराने टेबल सरळ उभं केलं, तळहाताने दाबून पाहिलं. डगमगत नव्हतं. मग रस्त्याकडे बघतच, आतल्या माणसांना ऐकू जाईल इतक्याच आवाजात, त्याने ते शेवटचं वाक्यही म्हटलं.